लोकरी बेरे: माप कसं घ्यायचं, केवढी घ्यायची आणि डोक्यावर बसवायची कशी?

गाव्हकाठची

मी फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पो या शहरात राहते. भारतात यायचं तिकीट काढलं की फर्माइशी सुरू होतात. पूर्वी परफ्युम आणि चॉकलेटं असायची, हल्ली बेरे. "ती चित्रकारांची गोल टोपी गं. माप? कुठलंही, मीडियम आण." मग ती टोपी पुण्याला जाते, एक फोटो निघतो आणि ती कपाटात जाऊन बसते. कारण एक तर ती कपाळावर रुतते, नाहीतर भुवयांवर घसरते. ज्यांना बेरे घ्यायची आहे, ज्यांच्याकडे पडून आहे, ज्यांना घालायची हौस आहे पण आरशासमोर धीर होत नाही, त्या सगळ्यांसाठी हा चर्चेचा धागा.

ही टोपी मुळात इथल्या मेंढपाळांची. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगररांगेच्या फ्रेंच उतारावर बेआर्न नावाचा मुलूख आहे, तिथली. जगभर तिला बास्क बेरे म्हणतात. शेजारचे बास्क लोकही ती पिढ्यान् पिढ्या घालतात हे खरंच, पण बेआर्नी म्हाताऱ्यासमोर तसं म्हणू नका, अर्धा तास जाईल. पोपासून जवळच ओलोरों-सँत-मारी हे गाव आहे. आस्प आणि ओस्सो या दोन डोंगरी नद्या तिथे एकत्र येतात. मेंढ्या वर डोंगरात आणि यंत्रं फिरवायला पाणी खाली गावात, त्यामुळे कारखाने तिथेच उभे राहिले. लोलेर ही कंपनी तिथे १८४० पासून बेरे करते. पोच्या दुसऱ्या बाजूला नाय गावात बेरेचं संग्रहालय आहे. पावसाळी दिवशी पाहुण्यांना न्यायला बरं पडतं, आणि पाऊस इथे भरपूर.

बेरे बनते कशी हे सांगते, कारण मापाची निम्मी भानगड त्यातच आहे. मेरिनो लोकरीच्या सुताचं आधी एक ढगळ, भलंमोठं, जाळीदार प्रकरण विणतात. त्याची दोन टोकं टाके उचलून अशी जोडतात की जोड दिसत नाही. मग ते साबणाच्या गरम पाण्यात तासन् तास कुटतात. लोकर आटते, धागे एकमेकांत गुंततात आणि जाळी बुजून घट्ट नमदा (फेल्ट) होतो. त्यानंतर रंग, मग साच्यावर चढवून वाळवणं, मग पृष्ठभाग खरवडून लव उठवणं, आणि शेवटी ती लव सारखी कापणं. मधोमध जो छोटासा देठ दिसतो त्याला इथे काबियू म्हणतात. विणकाम जिथे संपतं ती जागा त्याच्याखाली झाकली जाते. तो कापू नका. (एका मावशींनी "धागा निघालाय" म्हणून कापला होता.)

आता माप. बेरेला दोन मापं असतात, आणि दुकानात बहुतेक लोक एकच सांगतात.

पहिलं डोक्याच्या घेराचं. शिंप्याची टेप भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरवून आणायची. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. केस रोज जसे असतात तसेच ठेवून मोजा. मोठ्या माणसांचा आकडा साधारण ५४ ते ६१ सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी येतो.

दुसरं माप वरच्या चकतीच्या व्यासाचं. टोपी टेबलावर सपाट ठेवली की या कडेपासून त्या कडेपर्यंत जेवढी भरते तेवढं. २६-२७ सेंटिमीटरची आटोपशीर दिसते, २८-२९ ची नेहमीची, ३० च्या पुढे गेली की बाजूला चांगलीच झुकते. डोकं ५७ चं असलं तरी चकती २६ चीही घेता येते आणि ३१ चीही. दिसणं सगळं या दुसऱ्या आकड्यावर ठरतं, आणि "मीडियम" म्हणणाऱ्यांना तो माहीतच नसतो.

माझं स्पष्ट मत: बुटक्या, अरुंद खांद्याच्या माणसाने ३० च्या वर जाऊ नये. रुंद चेहऱ्याच्या माणसाने २६ घेऊ नये, नाहीतर वाटीचं झाकण ठेवल्यासारखं दिसतं. पहिली बेरे असेल तर २८ घ्या आणि निवांत राहा.

विचारा काय विचारायचं ते.

खवचट_खलबत्ता

पुण्यात लोकरीची टोपी घालून कोणत्या हिमवादळाशी लढायचंय म्हणे? आमच्या कॉलेजात एक जण चे गव्हेराच्या फोटोसारखी बेरे घालून कट्ट्यावर बसायचा. एप्रिलमध्ये. क्रांती आधी की घामोळं आधी, यावर पैजा लागायच्या.

बाकी धागा माहितीपूर्ण, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

नगरी_रणगाडा

ताई, बेरे म्हटल्यावर राहवलं नाही. मी चिलखती दलात नोकरी केली, आता नगरलाच (अहिल्यानगर म्हणा आता) स्थायिक आहे. आमचं आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथेच, त्यामुळे काळी बेरे या शहराला नवीन नाही.

ती काळी का, हे पोरं नेहमी विचारतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या टँक कोअरच्या अधिकाऱ्यांनी फ्रेंच डोंगरी पलटणींच्या डोक्यावर बेरे पाहिली. टँकमध्ये वाकून शिरायचं, दुर्बिणीला डोळा लावायचा, मग पुढे झाप असलेली टोपी काय कामाची? बेरेला झापच नाही. आणि रंग काळा, कारण ग्रीसचे डाग दिसत नाहीत. १९२४ मध्ये त्यांना अधिकृत मंजुरी मिळाली, तिथून ती जगभरच्या रणगाडावाल्यांकडे गेली, आमच्याकडेही आली. पॅराट्रूपर्सची मरून बेरेही इंग्रजांकडूनच आली, तिची सुरुवात १९४२ ची.

आता बसवण्याबद्दल. नवी बेरे मिळाली की आमच्याकडे पद्धत ठरलेली. कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. डोक्यावर घालायची, पट्टी कपाळावर आडवी सरळ, बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्याच्या वर, आणि उरलेलं सगळं कापड उजवीकडे कानावर ओढून हाताने दाबत राहायचं. तशीच डोक्यावर वाळू द्यायची. वरची लव रेझरने हलक्या हाताने काढायची. मागची नाडी आवळून गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. लोंबणारी नाडी दिसली की उस्ताद काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही.

एनसीसीच्या मुलांना कुणी हे शिकवत नाही. परेडला निम्मी पोरं डोक्यावर भाकरी ठेवल्यासारखी उभी असतात.

गाव्हकाठची

वा रणगाडाकाका, हे हवंच होतं! फक्त एक धोक्याची सूचना देते: काकांची भिजवायची पद्धत लष्करी बेरेची आहे. मेंढपाळी वळणाच्या चांगल्या बेरेला आतून बहुधा कातड्याची पट्टी असते आणि बऱ्याचदा सॅटिनचं अस्तर. ती बादलीत बुडवली की कातडं आकसून कडक होतं आणि अस्तराला सुरकुत्या पडतात. तिला वाफ द्यायची. पातेल्यात पाणी उकळायचं, वाफेवर चकती दोन-तीन मिनिटं धरायची, मग डोक्यावर घालून हाताने हवा तसा बाक द्यायचा. रेझर तर अजिबात नको. कारखान्यात ती लव मुद्दाम उठवून सारखी कापलेली असते.

गंमत म्हणजे फ्रेंच सैन्यात हे सगळं आरशातल्यासारखं उलटं आहे. बिल्ला उजवीकडे, कापड डावीकडे. अपवाद त्यांच्या नौदलाच्या कमांडोंचा. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रज कमांडोंबरोबर घडले, म्हणून आजही त्यांची हिरवी बेरे इंग्रजी पद्धतीनेच झुकते.

खलबत्तादादा, पुण्याच्या डिसेंबरात सकाळी साडेसहाला पर्वती चढणाऱ्यांना विचारा. एप्रिलचा सल्ला मी दिलेला नाही.

सुईदोरा

शिवणकाम हा माझा व्यवसाय, त्यामुळे मापाबद्दल थोडी भर घालते.

टेप एकदा फिरवून थांबू नका, तीनदा फिरवा. दर वेळी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. मधला आकडा घ्या. टेप नसेल तर सुतळी फिरवून पट्टीवर मोजा, पण ताणली जाणारी लोकर किंवा इलॅस्टिक वापरू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक वापरतात.

दोन मापांच्या मधला आकडा आला तर? कातड्याची पट्टी असेल तर मोठं माप घ्या. कातडं लोकरीसारखं सैलावत नाही. आणि मोठं घेतलं तर पट्टीच्या मागे फेल्टची किंवा जाड सुती कापडाची अरुंद घडी सरकवून बसवता येते. कपाळाच्या बाजूला नको, वळ उठतो. मागच्या बाजूला द्या. पट्टी नसेल, नुसती लोकरीची काठ असेल, तर लहान घ्या. ती वापरून सैल होतेच.

बायकांचा अंबाडा ही वेगळीच गोष्ट. अंबाडा वर बांधत असाल तर बेरे विसरा. मानेवर सैल अंबाडा किंवा वेणी असेल तर बेरे थोडी मागे, केसांच्या रेषेच्या जवळ बसवा आणि आतून दोन यू-पिना लावा. आकडे असलेल्या काळ्या क्लिपा नकोत, लोकर ओढतात.

बर्फातला_बंड्या

कॅल्गरीहून. इथे उणे पंचवीसला बेरे चालेल का? बायकोला हवी आहे. मला वाटतं कान पडतील.

गाव्हकाठची

बंड्या, तुमचं खरं आहे. बेरे कान झाकत नाही. पट्टी नसलेली, मोठ्या व्यासाची असेल तर कानांवर ओढता येते, पण मग ती बेरे राहत नाही आणि उणे पंचवीसला पुरतही नाही. ही ओल्या, वाऱ्याच्या, शून्याच्या आसपासच्या थंडीची टोपी आहे. घट्ट कुटलेल्या लोकरीवर पावसाची भुरभुर थेंब होऊन थांबते, झटकली की गेली. मेंढपाळाला तेवढंच हवं होतं. कॅल्गरीत ती ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये घाला, मधल्या काळात कानटोपीच.

सोनचाफा_७

नमस्कार ताई. बाबांसाठी विचारते आहे. वय ७८, पूर्ण टक्कल, डाव्या कानामागे श्रवणयंत्र. सकाळी फिरायला जाताना डोक्याला गार लागतं म्हणतात. माकडटोपी घालायला तयार नाहीत, "म्हातारा दिसतो" म्हणतात. :) बेरे जमेल का? अस्तराची घ्यावी की बिनअस्तराची?

गाव्हकाठची

सोनचाफा, बाबांना माझा नमस्कार सांगा. बेरे त्यांना छान जमेल.

टक्कल असेल तर गुळगुळीत सॅटिनचं अस्तर टाळा, टोपी डोक्यावर फिरत राहते. बिनअस्तराची, कातडी पट्टीची घ्या. पट्टी कपाळाला धरून ठेवते. लोकर टोचते म्हणत असतील तर आत पातळ सुती टोपी घालता येईल, पण मग त्या टोपीसकट माप घ्यायला हवं.

श्रवणयंत्रासाठी सोपा उपाय: बेरेची झुकती बाजू उजवीकडे घ्या. डावीकडे पट्टी कानाच्या वर राहील आणि कापड यंत्राला लागणार नाही. लोकर मायक्रोफोनवर घासली की कानात सतत खसखस ऐकू येते आणि मग दोष टोपीवर येतो. चष्मा असेल तर आधी बेरे, मग चष्मा. काड्या पट्टीखाली दाबल्या गेल्या की कानशिलं दुखतात.

व्यास २७ पुरे. गडद निळा किंवा तपकिरी रंग बघा. काळा शोभतो, पण त्यावर पांढरी धूळ दिसते.

आणि घातल्यावर एक परीक्षा. दहा मिनिटं घरात घालून फिरायला सांगा, मग काढून कपाळ बघा. पुसटशी रेघ उठली आणि लगेच गेली तर माप बरोबर. लाल वळ राहिला तर लहान आहे. मान खाली घालून बूट बांधताना पडली तर मोठी आहे.

दोनोस्तीवासी

मी डोंगराच्या या बाजूला, स्पेनमधल्या दोनोस्तियाला (सान सेबास्तियान) राहतो. गाव्हकाठचीताई बेआर्नची बाजू घेणार हे गृहीत धरून आमची बाजू मांडतो. इथे या टोपीला चापेला म्हणतात, आणि इथे ती अजून पोशाखातली वस्तू आहे, पर्यटकांसाठी ठेवलेली नाही. आजोबा पेन्शन काढायला जातानाही घालतात. जवळच तोलोसा गावात एलोसेगी कुटुंबाचा कारखाना १८५८ पासूनचा.

घालायची पद्धतही वेगळी. पॅरिसच्या फोटोत दिसते तशी एका कानावर तिरकी इथे म्हातारे सहसा घालत नाहीत. पट्टी सरळ आणि चकती पुढे ओढून कपाळावर छोटंसं छप्पर. पाऊस आला की आणखी पुढे, ऊन आलं तरी पुढे. वारा आला की ज्या बाजूने वारा त्या बाजूला खाली. सवय इतकी की आरसा बघत नाहीत, एका हाताने पुढची कड पकडून एकच हिसका. नव्या माणसाने तासभर आरशासमोर केलं तरी तसं जमत नाही, पण आठवडाभर रोज घातली की टोपीच वळणावर येते.

आणि इथे ती बक्षीसही असते. पेलोता (भिंतीवर चेंडू मारायचा इथला खेळ) असो, दगड उचलायची स्पर्धा असो, जिंकणाऱ्याच्या डोक्यावर चापेला चढवतात. ती मुद्दाम अवाढव्य असते, वर भरतकामाने स्पर्धेचं नाव आणि वर्ष. सगळ्यात मानाची बेर्त्सोलारींची, म्हणजे जागच्या जागी कविता रचून गाणाऱ्यांची. विषय आणि चाल तिथेच मिळते, माणूस दोन क्षण थांबतो आणि यमकं जुळवत गाऊ लागतो. माइआलेन लुहानबिओ या बाईंनी मोठी स्पर्धा २००९, २०१७ आणि २०२२ अशी तीनदा जिंकली. ही चापेला मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्टेडियमभर माणसं, आणि सगळी शब्द ऐकायला आलेली. तो प्रकार एकदा ऐकाच, भाषा कळली नाही तरी.

त्यामुळे व्यासाबद्दल माझा सल्ला: चाळीस सेंटिमीटरची बेरे घालायची असेल तर आधी काहीतरी जिंका.

गाव्हकाठची

दोनोस्तीवासी, शेवटच्या वाक्यासाठी सगळं माफ. पुढे ओढून घालायची पद्धत इथेही आहे, बरं का. तिरकी घालणं हे बरंचसं शहराचं आणि सिनेमाचं.

माळावरचा_मेंढका

लोकर कुटून आटवायची म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे माण-खटावच्या बाजूला घोंगडी विणतात तशी जेनही करतात. जेन विणलेली नसते. पिंजलेली लोकर अंथरायची, पाणी मारायचं, गुंडाळायची आणि लाटत-दाबत बसायचं, तिचीच जाड चटई होते. म्हणजे तुमच्या बेरेचा शेवटचा अर्धा भाग आमच्याकडे आहे म्हणायचं.

मग आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची बेरे होईल का?

गाव्हकाठची

जेन! आजोळी होती, पार विसरले होते.

दादा, नमदा होईल, बेरे घालवणार नाही. दख्खनी लोकर भरड आणि जाड तंतूंची. बसायला, पांघरायला, पाण्यात टिकायला उत्तम, पण कपाळाच्या कातडीला टोचेल. इथल्या डोंगरातल्या मेंढ्यांचीही लोकर भरडच आहे. जुन्या मेंढपाळांच्या बेरे त्याच लोकरीच्या असत. कारखाने मोठे झाले आणि बेरे शहरात गेली तशी बाहेरची मऊ मेरिनो लोकर आली. मेंढपाळाचं कपाळ सोसायचं, कारकुनाचं सोसेना.

चिंचगुळाची_आमटी

मदत हवी आहे. दिराने लंडनहून चांगली बेरे आणली होती. घरकामाच्या गडबडीत कुणीतरी ती गरम पाण्याच्या वॉशला लावली. आता ती सात वर्षांच्या भाचीला होते. परत मोठी करता येईल का?

सुईदोरा

मशीनमध्ये कुटली गेली म्हणजे कारखान्यातला प्रकार पुन्हा एकदा झाला. पूर्ण पूर्वपदावर येणार नाही. अर्धा-एक सेंटिमीटर मिळेल. कातडी पट्टी असेल तर तेवढंही नाही.

पट्टी नसेल तर असं करा. फक्त काठ ओली करा, थंड पाण्यात थेंबभर केसांचा कंडिशनर घालून. डोकं ५७ चं असेल तर भागिले ३.१४, म्हणजे १८ सेंटिमीटर व्यासाचं पातेलं किंवा डबा लागेल. उलटा ठेवून त्याच्यावर काठ हळूहळू चढवा, रात्रभर राहू द्या. एका झटक्यात मोठ्या डब्यावर चढवू नका. आधी १७ चा, मग १८ चा. चकतीसाठी जेवणाची ताटली आत सरकवून वाळवतात, आकार सपाट आणि गोल राहतो. स्टीलची ताटली ओल्या लोकरीला चालते, लोखंडी तवा नको.

नाहीच जमलं तर भाचीला द्या. लहान मुलांना बेरे फार गोड दिसते.

दमट_दादर

मुंबईकरांनी काय करायचं सांगा. वर्षातून दहा दिवस महाबळेश्वर नाहीतर दिल्लीला घालणार, बाकी साडेअकरा महिने टोपी कपाटात. मागची कसरीने चाळण केली. आणि कातड्यावर पावसाळ्यात पांढरी बुरशी.

गाव्हकाठची

कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी येते, म्हणून ठेवण्याआधी टोपी स्वच्छ हवी. कोरडी धूळ मऊ ब्रशने, एकाच दिशेने फिरवत काढा. डाग असेल तर तेवढाच भाग रिठ्याच्या गार पाण्याने टिपून घ्या, घासू नका. कातडी पट्टी ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. सावलीत, पंख्याखाली. उन्हात रंग उडतो.

मग सुती पिशवीत, सोबत वेखंडाचे तुकडे. डांबरगोळ्या चालतात, पण नंतर महिनाभर डोक्याला त्यांचा वास येतो. प्लॅस्टिकची बंद पिशवी मुंबईत नको, दमट हवा आत अडकली की कातड्यावर बुरशी येणारच. पावसाळ्यात दोन-तीनदा बाहेर काढून झटकायची. घडी घालू नका, सपाट ठेवा, वर जड काही नको.

कुठेही नसेल जागा तर साड्यांच्या खणात सगळ्यात वर.

मोजूनमापून

ऑनलाइन 'फ्रेंच बेरे' म्हणून तीनशे-चारशे रुपयांना मिळतात त्या घ्याव्यात का? फोटोत तर सारख्याच दिसतात.

गाव्हकाठची

फोटोत सारख्या दिसतात, हातात घेतल्यावर नाही. त्या बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकच्या किंवा थोडी लोकर मिसळलेल्या असतात. पार्टीला एकदा घालायची असेल तर घ्या, काही बिघडत नाही. रोज वापरायची असेल तर पुढच्या गोष्टी बघा.

उजेडासमोर धरा. चांगल्या बेरेतून टाचणीएवढेही उजेडाचे ठिपके दिसत नाहीत. कापून शिवलेली असेल तर चकतीच्या कडेला गोल शिवण दिसते. खऱ्या बेरेत तिथे शिवण नसते, घडी नुसती वळलेली असते. मुठीत चुरगाळून सोडली की ती सावकाश पण पूर्ण उघडते. स्वस्तातली एक तर लगेच टणकन उघडते नाहीतर चुरगळलेलीच राहते. चार तंतू उपटून जाळले तर लोकरीचा केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. अ‍ॅक्रिलिकची कडक गोळी होते. दुकानात काडेपेटी काढू नका म्हणजे झालं.

आणि वर्णनात व्यास दिलाय का ते पहा. ज्याला बेरे कळते तो विक्रेता घेर आणि व्यास दोन्ही लिहितो. "फ्री साइझ" लिहिलं असेल तर पुढे जा.

खवचट_खलबत्ता

मोजलं. घेर ६०. बायको म्हणते आत काय आहे तेही मोजा.

व्यास किती घेऊ? उंची पाच-पाच, खांदे बेताचे, मिशी भरघोस. आणि हो, पर्वतीवर सकाळी खरंच गार वाजतं.

गाव्हकाठची

तुमच्यासाठी ६० ची, कातडी पट्टीची, व्यास २८. डोकं मोठं असल्यामुळे २६ तोकडी पडेल आणि ३० ने उंची आणखी कमी दिसेल. मिशी भरघोस आहे तर तिरकी घालू नका, सगळं एकाच बाजूला कललेलं दिसतं. दोनोस्तीवासी म्हणतात तशी पुढे ओढून घाला. रंग गडद निळा.

मी जानेवारीत येतेय. ज्यांना हवी त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घेर, व्यास आणि रंग तिन्ही लिहून. ज्यांच्या व्यनित "मीडियम" असेल त्यांना चॉकलेट मिळेल.